फॉगिंगचा धूर आणि पिंपाची कड

फॉगिंगची गाडी येऊन गेली की सोसायटीला हायसं वाटतं. उडते डास थोडे मरतात, नाही असं नाही. पण डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा डास, एडिस इजिप्ती, दिवसा चावतो आणि एरवी पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांत दडून बसतो. रस्त्यावरचा धूर तिथवर पोचत नाही, आणि अंड्यांना तर त्याने काहीच होत नाही.

अंडीच तर खरी चिवट. मादी ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या ओल्या कडेला चिकटवते. काळी, खसखशीहून बारीक. कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. त्यामुळे पिंप नुसतं उपडं करून पुन्हा भरलं तर अंडी तिथेच राहतात. काथ्याने आतली कड, विशेषतः पाण्याच्या डागाची रेघ, खरवडून घासायची. पाणी कोरड्या मातीवर ओतायचं आणि पिंप उन्हात वाळवायचं. अंड्यातून अळी निघाल्यापासून डास उडेपर्यंत उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून हे दर सात दिवसांनी, न चुकता.

चिकुनगुन्याची साथ १९७३ साली बार्शीत आली होती. त्यानंतर हा आजार देशात जवळजवळ विसरला गेला. २००५-०६ मध्ये परतला तो विषाणूच्या आफ्रिकी वंशातून, आणि २००६ साली देशभर सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. दरम्यान शहरांच्या कडेला टँकरवर जगणाऱ्या वस्त्या वाढल्या होत्या, म्हणजे दारोदारी पिंपं.

बांधकामं हा वेगळाच ताप. स्लॅबवर सिमेंटच्या मसाल्याचे बांध घालून क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं करण्याचं, पाणी आठवडा-दोन आठवडे उभं ठेवतात. अळीला मोठं व्हायला नेमके तेवढेच दिवस हवे असतात! त्याऐवजी गोणपाट अंथरून ते सतत ओलं ठेवावं. काँक्रीटला ओल मिळते, पाणी साचत नाही. लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी पंपाने काढावं. तिथे टॉर्च मारून बघायचं कुणाला सुचत नाही.

ताप आलाच तर डेंग्यूची एनएस१ चाचणी (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी) पहिल्या पाच दिवसांत करावी, आयजीएम (शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी) त्यानंतर. दुसऱ्याच दिवशी आयजीएम निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नये. सांधे कितीही ठणकले तरी डेंग्यू नाही हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोवर पॅरासिटामॉलच, तेही ठरल्या मात्रेत.