काजूचा हिवाळा: डिचोलीतल्या नोंदी

तुळशीचं लग्न झालं की गोव्यातल्या आमच्या डिचोलीत पहाटे गोधडी लागते. गेल्या हिवाळ्यात काजूने, म्हणजे मी पाळलेल्या बॉल पायथन जातीच्या नर सापाने, अडीच महिने उंदराला तोंड लावलं नव्हतं. विणीच्या दिवसांत नर उपास करतात हे खरं, पण सगळा भार त्यावर टाकून मी निवांत राहिलो. यंदा ठरवलं, आधी मोजायचं.

२ डिसेंबर. काजूच्या काचेच्या टाकीच्या दोन टोकांना कमाल-किमान तापमान दाखवणारे थर्मामीटर ठेवले. एक खोलीतही. काजूचं वजन १,३२० ग्रॅम.

९ डिसेंबर. आठवड्याच्या आकड्यांनी माझा समजच बदलला. खोलीत दुपारी ३१, पहाटे पाचला १९. आपली थंडी दिवसभर राहतच नाही, ती रात्री दोन ते सकाळी आठ एवढीच. बर्फाच्या देशांतले सल्ले इथे जसेच्या तसे लावले तर दुपारी थंड बाजूही तापते आणि सापाला गारव्याला जायला जागा उरत नाही. काजूला ऊबदार बाजूला जमीन ३१ ते ३३ हवी, थंड बाजू २५ ते २७, आणि रात्रीची हवा २४ च्या खाली जायला नको. म्हणजे मला सांभाळायचे होते ते फक्त पहाटेचे सहा तास.

१४ डिसेंबर. चूक सापडली, आणि ती माझीच. हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, टाकीखाली, पण तिला चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मी आत काचेला वीतभर उंच चिकटवला होता. पहाटे हवा गार झाली की प्रोबला वाटायचं ऊब कमी आहे, मॅट थांबायचीच नाही. साडेपाचला उठून टेम्परेचर गनने लपणाखालची काच मोजली: ४१! हवा मात्र २१. बिचारा खालून भाजणं आणि वरून गारठणं यांच्यात अडकून थंड कोपऱ्यात वेटोळं करून बसायचा. सापाला पोटाखालचा चटका वेळेवर कळतोच असं नाही, त्यामुळे पोटाचा एकेक खवला तपासला. भाजलेलं नाही. तेव्हा कुठे माझा श्वास मोकळा झाला.

प्रोब आता मॅट आणि काच यांच्यामध्ये, बाहेरून. आत ठेवला तर साप तो हलवतो, किंवा त्यावर पाणी सांडतं आणि आकडा खोटा पडतो. गनवर आतली जमीन ३२ दिसेपर्यंत थर्मोस्टॅट थोडा थोडा फिरवला.

१९ डिसेंबर. मॅटने जमीन तापते, हवा नाही. म्हणून वर जाळीच्या पिंजऱ्यात सिरॅमिक हीट एमिटर (उजेड न देता ऊब देणारा), त्याला वेगळा थर्मोस्टॅट, २५ वर. दिवसा तो चालूच होत नाही. लाल बल्ब लावला नाही, रात्री काळोख हवा. टाकी चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकून होती, ती हातभर पुढे ओढली आणि तीन बाजूंना थर्मोकोल लावला. एवढ्यानेच पहाटेचा आकडा दोन अंशांनी वर आला. कौलारू घरात राहणाऱ्यांनी हे आधी करून पाहावं, खर्च जवळजवळ नाही.

२८ डिसेंबर. वाईट दिवस. २६ ला काजूने उंदीर खाल्ला होता, मी आनंदात. काल रात्री तीनला लाइट गेली ती आठला आली. टाकी २० वर. आज उंदीर उलटून पडलेला. गार शरीरात पचन मंदावतं आणि पोटातलं कुजू लागतं. डॉक्टरांशी बोललो: दोन आठवडे काही द्यायचं नाही, पाणी मात्र ताजं हवं, नंतर लहान उंदीर. नाकातोंडातून फुगे, घरघर किंवा तोंड उघडं दिसलं तर ताबडतोब घेऊन यायचं. तसं काही दिसलं नाही. मॅट ३० वॅटची आहे, ती त्याच दिवशी इन्व्हर्टरवर जोडली. हे काम मी नोव्हेंबरातच करायला हवं होतं.

माझ्याकडे भिरंडा नावाची दुसरी सापीणही आहे. ती कॉर्न स्नेक जातीची, तिला रात्रीचे २० सहज सोसतात. तिच्या टाकीला हात लावला नाही.

६ जानेवारी. घाटावरून येणारा वारा कोरडा, त्यात एमिटर. आर्द्रता ४२ टक्के. जाळीचं झाकण अर्धं झाकलं, काथ्याचा भुसा तळापासून ओला केला, एका लपणात ओलं शेवाळ. आता ६० च्या आसपास. पुढे १७ ला कात एकसंध निघाली, डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांसकट.

एकाने विचारलं, विहिरीपाशी गारठलेली धामण दिसली, घरात ऊब देऊ का? नको. भारतीय साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. ऊन चढलं की ती आपली आपण निघून जाईल. अडकली असेल तर वनखात्याला फोन करा. काजूसारख्या परदेशी सापांची नोंदही २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

१८ जानेवारी. १४ ला लहान उंदीर दिला, पहिल्याच झडपेत घेतला. चार दिवस झाले, पोटात टिकला आहे.

२ फेब्रुवारी. वजन १,२८५ ग्रॅम. दुसरा उंदीरही पचला. पहाटे साडेपाचला हवा २५, लपणाची जमीन ३२, आणि काजू दोन महिन्यांत पहिल्यांदा ऊबदार बाजूला पसरून झोपलेला.