वाठारला बंद केलेलं इंजिन

पुण्याकडून सांगलीला खताचा भरलेला रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, आणायचा म्हणजे वाटेत आदर्कीचा चढ आलाच. लोणंद, सालपे मागं पडलं की गाडी चढत चढत वाठारला येते, पुढं साताऱ्याकडे उतार. मी तेव्हा असिस्टंट ड्रायव्हर होतो. ड्रायव्हर होते अण्णा. मिरजेच्या लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर ड्युटीवर हजर होतात त्या खोलीत, त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. गाडीला दोन डब्ल्यूडीएम-टू डिझेल इंजिनं जोडलेली, दोन्ही वयस्कर.

या इंजिनांचं डिझाइन अमेरिकेतल्या अल्को कंपनीचं. १९६४ पासून ती बनारसच्या कारखान्यात बनू लागली. सोळा सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर, ताकद कमीजास्त करायच्या हँडलला आठ नॉच, म्हणजे टप्पे. आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवलं की, मिनिटाला ४०० फेरे, आठव्या नॉचला १०००. पण एवढी ताकद यायची ती टर्बोमुळं. सिलिंडरातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर टर्बो फिरतो आणि बाहेरची हवा दाबून आत कोंबतो. नॉच वाढवला की इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर डिझेल लगेच वाढवतो, टर्बोला मात्र वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात डिझेल जास्त, हवा कमी, म्हणून तो काळा लोट. रुळांकडेला कॅमेरे घेऊन उभी राहणारी पोरं त्या लोटावर जाम खूष असायची. आम्ही एवढंच बघायचो की लोट थोड्या वेळात विरळ होतोय का. झाला, म्हणजे टर्बो ठीक.

त्या दिवशी भुरभुर पाऊस होता. चाकं घसरत होती, अण्णा वाळू सोडत होते, इंजिनावरचा ताण दाखवणाऱ्या लोड मीटरचा काटा वर जाऊन बसलेला. वळणावर मागं बघणं हे असिस्टंटचं कामच. बघतो तर मागच्या इंजिनाचा धूर निळसर पांढरा. बराच वेळ पाहिलं, तो काही विरळ होईना.

"अण्णा, मागचं तेल जाळतंय."

त्यांनी रुळावरची नजर काढली नाही. "वाठार येऊ दे. आत्ता नॉच कमी केला तर हितंच बसू."

वाठारला गाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतली. मी मागच्या इंजिनावर गेलो. धुराड्याच्या आसपास काळ्या तेलाचे ओघळ आलेले, रेलिंगला हात लावला तर चिकट. लूब ऑइलची दांडी काढून पाहिली, पातळी बरीच खाली. आवाज मात्र रोजचाच. अण्णा आले, धुराड्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "पाच मिनिटं आयडलला ऱ्हाऊ दे, मग बंद कर. आन घड्याळ बघ."

टर्बोला तेल मिळतं ते इंजिनाच्याच पंपातून. इंजिन थांबलं की तेल थांबतं, टर्बो मात्र फिरत राहतो. म्हणून चढ ओढून आलेलं इंजिन लगेच बंद करत नाहीत. आणि बंद केल्यावर टर्बो किती वेळ फिरतो ते मोजतात. निरोगी असेल तर दीड ते तीन मिनिटं त्याची बारीक शिट्टी ऐकू येते, हळूहळू खाली उतरत जाते.

मी इंजिन बंद केलं. सगळा सांगाडा एकदा हादरला आणि मागं फक्त शिट्टी राहिली. ती नीट उतरलीच नाही. मधेच खर्र खर्र झालं आणि मिनिट भरायच्या आत सगळं गप्प.

"बेअरिंग गेलं," अण्णा म्हणाले. "आता हे चालू करायचं न्हाई."

गाड्यांची ये-जा सांभाळणाऱ्या कंट्रोलवरचा माणूस फोनवर तापला. चालू इंजिन बंद कशाला केलं, साताऱ्यापर्यंत तरी आणायचं होतं! त्याच्या मागं गाड्या खोळंबलेल्या, त्याचंही अगदीच चूक नव्हतं. अण्णांनी फोनवर शांतपणे सांगितलं, "साहेब, पुढं उतार आहे, एक इंजिन नेतंय. हे चालू ठेवलं तर तेल तापलेल्या एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटंल. तुम्ही लिहून देता का?" तिकडून काही उत्तर आलं नाही. मागचं इंजिन डेड करून, म्हणजे बंदच ठेवून नुसतं ओढत, वेळ खात का होईना, आम्ही गाडी सांगलीला आणली.

आताच्या इंजिनात बिघाड पडद्यावर लिहून येतो आणि ते चांगलंच आहे. अल्कोची कॅब तापायची, कान बधिर व्हायचे, डिझेलही ती जास्त प्यायची. त्याबद्दल मला गळा काढायचा नाही. पण अल्को दुखणं लपवत नसे. धूर, वास, आवाज, कुठून तरी सांगायचीच. ऐकणारा तयार हवा, आणि तो तयार व्हायला अण्णांसारख्या ड्रायव्हरच्या हाताखाली बरीच वर्षं जायची.

नंतर एकदा शेडमध्ये कामानं गेलो तेव्हा टर्बो सेक्शनच्या मेस्त्रींनी त्या टर्बोचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, दाखवला. पात्यांची टोकं एका बाजूला केसिंगवर घासून चकचकीत झालेली, दोन पात्यांना बारीक चिरा. मी विचारलं, अजून एखादा चढ ओढला असता तर?

"मग टर्बो नव्हे, आख्खं इंजिन उतरवलं असतं आम्ही," ते म्हणाले, आणि रोटर परत फडक्यात गुंडाळून ठेवला.