लाल टोपणाची सिरींज

18 एप्रिल 2025, गुड फ्रायडे. ओपीडी बंद असली तरी वॉर्डला कसली सुट्टी, माझी मॉर्निंग ड्युटी होती आणि मी मनातल्या मनात हिशोब करत होते की दोनला सुटले तर तीनपर्यंतच्या उपासनेतला शेवटचा एखादा तास तरी मिळेल. अकराच्या सुमारास आमचा नवीन ब्रदर, चोवीस वर्षांचा पोरगा, हातात गोळीची रिकामी स्ट्रिप घेऊन काउंटरला आला आणि म्हणाला, "सिस्टर, सात नंबरची बीपीची गोळी मी नऊ नंबरला दिली. दहा मिनिटं झाली."

बस एवढंच. गर्दी होती, नावं सारखी होती, नातेवाईक डोकं खात होते, यातलं काहीच नाही. हात थरथरत होता त्याचा, पण वाक्य सरळ.

पुढचं आपलं रोजचंच, डॉक्टरांना फोन, दर पंधरा मिनिटांनी बीपी, पेशंटच्या मुलीला सांगितलं, तिने थोडा आरडाओरडा केला, तो तिचा हक्कच होता. बीपी जरा उतरलं आणि तिथेच राहिलं, पेशंटला काही झालं नाही. मग इन्सिडंट फॉर्म भरायला घेतला. त्यात एक रकाना असतो, चूक कोणाच्या लक्षात आली. पोराने तिथे स्वतःचं नाव लिहिलं आणि सहीसाठी पेन माझ्याकडे दिलं. आणि मला ती सही जमेना. खरंच सांगते, पेन टेकवलं आणि हात पुढे जाईना.

कारण 2013 साली अशाच एका फॉर्मवर मी दुसरीचं नाव घातलं होतं.

तेव्हा मी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या हॉस्पिटलात होते. नाईट ड्युटी. एका आजोबांना जेवणाआधी वीस युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक 40 च्या असतात, म्हणजे एका एमएलमध्ये 40 युनिट, आणि त्याची सिरींज लाल टोपणाची. 100 ची बाटली असेल तर सिरींज नारंगी टोपणाची लागते. आजोबांच्या मुलाने बाहेरच्या मेडिकलमधून आणलेली बाटली 100 ची होती. मी लेबल वाचलं नाही, लाल टोपणाची सिरींज उचलली, वीसच्या रेघेपर्यंत भरली आणि टोचलं. वीसच्या रेघेला अर्धा एमएल येतं, अर्ध्या एमएलमध्ये गेले पन्नास युनिट, अडीचपट. दहाला आजोबा घामाने निथळत होते, बरळत होते, शुगर 34. डॉक्टर धावत आले, 25 टक्क्यांचं डेक्स्ट्रोज दिलं, मग रात्रभर सलाईन आणि दर अर्ध्या तासाला शुगर. आजोबा वाचले, पाचव्या दिवशी स्वतःच्या पायाने घरी गेले.

सकाळी इनचार्जने विचारलं, लोड कोणी केलं? मी दोनेक सेकंद गप्प होते. आणि मग म्हणाले, "हिने भरून दिलं, मी फक्त टोचलं."

ही म्हणजे माझ्याबरोबरची ज्युनियर, राहुरीकडची, जॉइन होऊन तीन महिने झालेले. तिने त्या बाटलीला हातसुद्धा लावला नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं, फक्त बघितलं, काही बोलली नाही. आठ दिवसांत तिला मेमो मिळाला आणि एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलं. माझं बाळ तेव्हा दोन वर्षांचं, घराचा हप्ता, रजिस्ट्रेशन जाईल ही भीती... ही सगळी कारणं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलीत की पाठ झालीत.

आता खरी लाजेची गोष्ट. मी काही देवाला विसरलेली बाई नाही. आमचं घर नगरचं (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण जिभेवर नगरच बसलंय), तीन पिढ्यांचं चर्च, आजीला रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं पाठ. त्या रात्रीनंतर मी रडून रडून प्रार्थना केलीय, दर पहिल्या रविवारी प्रभुभोजनाआधी डोळे मिटले की पहिलं तेच आठवायचं आणि मी म्हणायचे, प्रभू क्षमा कर. माझं आवडतं काय, तर बायबलातलं 51 वं स्तोत्र, दावीद राजाचं पश्चात्तापाचं. त्यातली चौथी ओळ, तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे. ही ओळ मला फार बरी वाटायची. का बरी वाटायची हे त्या दिवशी काउंटरला कळलं. तुझ्याविरुद्धच म्हटलं की मामला माझा आणि देवाचा, राहुरीची पोरगी त्यात कुठेच नाही. अरे पण दाविदाने माफी मागायची कोणाची, ज्याची बायको घेतली त्या उरीयाला तर त्याने लढाईत पुढे उभं करून मारून टाकलेलं, तो कबरीत. माझी जिवंत होती! फोन लावला तर उचलला असता. बारा वर्षं मी देवाकडे अर्ज करत राहिले कारण देव काही उलट विचारत नाही.

सही केली एकदाची. त्या पोराला म्हणलं, बरोबर केलंस. तो म्हणाला, "सिस्टर, कॉलेजला तेच शिकवलं होतं." आम्हालाही तेच शिकवलं होतं.

सुटायला सव्वादोन झाले, चर्चला पोचले तेव्हा येशूच्या वधस्तंभावरच्या सात वाक्यांपैकी सातवं चालू होतं. माझ्या डोक्यात मात्र पहिलंच अडकलेलं, हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही. मला समजत होतं. सकाळी आठ वाजता, पूर्ण शुद्धीत, इनचार्जच्या टेबलासमोर उभं राहून मला नीट समजत होतं.

नंतर पाळकसाहेबांना गाठलं आणि चर्चच्या पायरीवर उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा कोणा माणसाला. मला वाटलं ते डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील, मोकळं वाटेल, घरी जाऊ. त्यांनी प्रार्थना केली, छोटीशीच, आणि मग म्हणाले, "लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाने, प्रभूला बघायला चढलेल्या झाडावरून उतरल्यावर काय केलं? चौपट परत देतो म्हणाला. तुम्ही काय परत देणार ते बघा. क्षमेची किंमत म्हणून नाही हं, ती प्रभूने आधीच दिलीय." मला तेव्हा रागच आला थोडा.

नंबर शोधायला जुनी बॅचमेट लागली. रात्री नऊला फोन केला, नाव सांगितलं. पलीकडे शांतता. मग, "बोला सिस्टर." मी जे पाठ केलं होतं ते सगळं विसरले आणि एका दमात बोलून टाकलं की लोड मी केलं होतं आणि खोटं बोलले, तू काही केलं नव्हतंस.

ती म्हणाली, "मला माहितीये की. ट्रेमध्ये लाल टोपण पडलेलं मी बघितलं होतं, आणि बाटलीवर 100 लिहिलेलं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तीन महिन्यांच्या पोरीचं कोण ऐकतं?"

मी म्हणलं, मी त्या हॉस्पिटलला लेखी देते. ती म्हणाली, द्यायचं तर द्या, पण मला आता त्याचा काय उपयोग. साडेतीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून ती आता श्रीरामपूरला सासरी ब्लाऊज शिवते, त्या मेमोनंतर परत कुठल्या हॉस्पिटलची पायरी चढायची तिची हिंमतच झाली नाही. मी माफ कर म्हणलं. त्यावर हो पण नाही आणि नाही पण नाही. मशीनचा आवाज येत होता मागे. मग म्हणाली, "उद्या मी आईकडे जाणारे गावाला. तुम्ही येऊन माझ्या आईला सांगाल का?"

शनिवारी मी गेले. राहुरीपर्यंत एसटीने, पुढे वडापने. घर रस्त्याला लागूनच, ओट्यावर कांदा पसरलेला. ती दारात उभी होती, जरा जाड झालीय, केस पांढरे व्हायला लागलेत, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे. मावशी खाली बसून कांद्याच्या पाती कापत होत्या, त्यांनी हात थांबवला नाही. मी खालीच बसले आणि सांगितलं, सोपं करून, की इंजेक्शन तुमच्या मुलीने नाही, मी चुकीचं दिलं आणि नाव तिचं घातलं.

मावशींनी विळा बाजूला ठेवला. "तो म्हातारा वाचला का वं?"

मला कळेना. मी म्हणलं, हो, पाचव्या दिवशी घरी गेले की.

त्यांनी लेकीकडे बघितलं. तिने मान खाली घातली. मग कळलं की नोकरी का गेली हे तिने घरात कधी धड सांगितलंच नव्हतं, आणि कुठून तरी अर्धवट कानावर आलेलं, त्यावरून बारा वर्षं आई मनात धरून बसलेली की आपल्या पोरीच्या हातून कोणीतरी मेलं. लग्न जमवताना पण नर्सिंगचं नाव काढलं नव्हतं म्हणे. मी माझ्या पापाचं वजन बारा वर्षं मोजत होते, आणि हे त्यात धरलंच नव्हतं.

मावशी मला काही बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पदराने डोळे पुसले, उठल्या, दारातून रानाच्या दिशेने बघितलं आणि म्हणाल्या, "हिचा भाऊ गेलाय पाण्याला. येईल अंधार पडायच्या टायमाला. त्याला पण सांगायचं, अस्सं, जसं मला सांगितलं तसं. त्याने लई बोललंय हिला."

मी घड्याळ बघितलं, शेवटची एसटी साडेसहाची होती. लेक म्हणाली, "सिस्टर, गाडी चुकेल तुमची." एवढं बोलून तिने माझ्याकडे एक विळा सरकवला, आणि मी पाती कापायला घेतल्या.