दुसरं कार्ड की नवं कार्ड? माझा अनुभव

२०१६च्या पावसाळ्यात माझ्या पीसीत एनव्हिडियाचं जीटीएक्स ९७० हे ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारं कार्ड) होतं आणि ते कमी पडायला लागलं होतं. तसंच दुसरं ९७० सेकंडहँड घेऊन एसएलआयने (दोन कार्डांना एकत्र काम करायला लावणारी एनव्हिडियाची सोय) जोडायचं, की आहे ते विकून, वर पैसे घालून नुकतंच आलेलं १०७० घ्यायचं? मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात विचारलं, तर दर दुकानात वेगळं उत्तर. दुसरं ९७० बरंच स्वस्त पडत होतं, म्हणून मन तिकडेच ओढ घेत होतं.

सुदैवाने मावसभावाकडेही ९७०च होतं. म्हणाला, "दादा, पैसे घालण्याआधी माझं लावून तर बघ." लावलं. वर दोन्ही कार्डांना जोडणारी पट्टी, म्हणजे ब्रिज, बसवला, ड्रायव्हरमध्ये एसएलआय चालू केलं. 'विचर ३' या गेममध्ये फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, खरोखरच भरपूर वाढल्या. मग 'जस्ट कॉज ३' लावला, तर दुसरं कार्ड नुसतं बसून! त्या गेमला एसएलआयचा सपोर्टच नव्हता.

खरी मेख इथेच आहे. दोन कार्डं आळीपाळीने फ्रेम काढतात. एक पहिली, दुसरं तिच्या पुढची. पण नवे गेम कडा गुळगुळीत करायला आधीच्या फ्रेमचीच माहिती वापरतात, आणि ती फ्रेम असते शेजारच्या कार्डात. ती इकडे आणण्यातच वेळ जातो. शिवाय फ्रेम्स सारख्या अंतराने येत नाहीत. स्क्रीनच्या कोपऱ्यातला सेकंदाला फ्रेम्सचा आकडा ६०च्या वर असूनही कॅमेरा फिरवला की चित्र बारीक अडखळायचं, आणि एकदा ते डोळ्याला दिसलं की दिसतच राहतं. मेमरीचीही बेरीज होत नाही. दोन्ही कार्डांत गेमची तीच माहिती भरावी लागते, त्यामुळे ४ आणि ४ मिळून हाताशी ४ जीबीच. १०७०वर सरळ ८.

विजेचं गणितही बघा: दोन ९७० म्हणजे २९० वॉट, १०७० एकटं १५०. त्यात वरच्या कार्डाचे पंखे खालच्याची गरम हवा ओढत होते. मुंबईच्या दमट खोलीत, एसी नसताना, मला ते अजिबात पटलं नाही.

भावाचं कार्ड परत केलं, माझं विकलं आणि १०७० घेतलं. आजही मी तेच सांगेन. २०२१पासून एनव्हिडियाने जुन्या कार्डांसाठी नवे एसएलआय प्रोफाइल (एकेका गेमसाठीची एसएलआयची सेटिंग्ज) देणं बंद केलं, नंतरच्या ४०९० कार्डावर तर जोडणीची जागाच नाही. जुन्या कार्डांची जोडी कुणी स्वस्तात देत असेल, तर त्यातल्या एकाच कार्डाचा भाव करा.