कापसाच्या खोलीतून गेलेली वायर

जर्मनीत ड्रेस्डेनला आलो तेव्हा होस्टेलच्या खोलीत भिंतीत एकच लॅनचं, म्हणजे वायरनं नेट घ्यायचं, सॉकेट होतं अन् त्यावर नावनोंदणी एकाच मशीनची, ती लॅपटॉपची करून बसलो, म्हणजे पीएस फोर, माझं गेम खेळायचं मशीन, नुसतं पाहायला. मग शेजारच्या पोरानं विंडोजमधलं शेअरिंग दाखवलं, म्हणजे कॉम्प्युटरवर आलेलं नेट वायरनं दुसऱ्या मशीनले द्यायचं. ही सोय 1999 च्या विंडोज 98 सेकंड एडिशनपासून आहे म्हणे, अन् मी इंजिनिअर होऊन मले माहीत नाही!

तेच आता दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात कामी आलं. जुना पीएस फोर दिवाळीत भाच्याले देऊन आलो होतो. ताईच्या घरी मोबाईलची रेंज फक्त समोरच्या खिडकीत, टीव्ही मागच्या खोलीत, मधात मातीच्या जाड भिंती अन् मधल्या खोलीत छातीएवढा कापूस भरलेला, हॉटस्पॉट तिथपर्यंत काही पोचत नाही. यूएसबी केबल हातभर, पण लॅनची वायर 100 मीटरपर्यंत चालते. मग खिडकीत फोन, तो यूएसबीनं कॉम्प्युटरले जोडला, अन् तिथून 20 मीटर वायर मयालीले, म्हणजे छताच्या आडव्या लाकडाले, सुतळीनं बांधत बांधत कापसाच्या वरून मागं नेली.

व्हिडिओ कॉलवर मी सांगून रायलो, इथं संध्याकाळचे 5, तिकडं साडेनऊ. रनमध्ये एनसीपीए डॉट सीपीएल टाक, नेटच्या जोडण्यांची यादी उघडते, त्यातल्या जोडणीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग. अर्ध्या तासानं पोरगा म्हणे, "मामा, वायर लागली दाखवते पण नेट काऊन नाही येऊन रायलं?" पाहतो तर यानं टिक लॅनवर केलेली. अरे बाप्पा, ज्याच्यातून नेट येते त्याच्यावर टिक करायची, म्हणजे फोनवाल्यावर, अन् खालच्या यादीत लॅन निवडायचं! तसं केल्याबरोबर पीएस फोरले 192.168.137 नं सुरू होणारा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, भेटला अन् पोरगं असं ओरडलं की ताई धावत आली.

नॅट टाईप, म्हणजे बाहेरच्या खेळाडूंशी जोडणी किती मोकळी ते, मात्र 3 दाखवते, सगळ्यात कडक. फोन एकदा नॅट करते, म्हणजे पत्ता बदलते, कॉम्प्युटर परत करते, वरून मोबाईल कंपनीचं वेगळंच, त्यामुळं दोघं ऑनलाईन खेळताना कधी कधी माझा आवाज त्याले जात नाही, मग बोलणं फोनवर अन् खेळणं पीएस फोरवर. लाईन गेली की अजून मजा, कॉम्प्युटर चालू केल्यावर शेअरिंगची टिक काढून परत लावावी लागते, नाहीतर नुसतं गोल गोल फिरत रायते. कॉम्प्युटरचं स्लीप बंद करायलाही विसरू नका, तो झोपला की नेटही झोपलं.

मागच्या रविवारी ऐन पेनल्टीच्या वेळी पोरगा गायब. फोन केला तर ताईनं उचलला. "गाडी आली ना कापूस न्यायले, वायर आडवी येत होती, सोडून ठेवली म्या. अन् गेमचं काय विचारतं, भाव काय भेटला थे विचार ना आधी!"