झोळीची दोरी

कागदपत्रांची कामं मला चांगली जमतात. म्हापशात करासवाड्याच्या बाजूला मजुरांच्या खोल्या आहेत. तिथली मुलं शाळेत घालायची, हे आमच्या ख्रिस्ती संस्थेत माझं सात वर्षांचं काम. घरभेटीला दोघांनी जायचं ही रीत आम्ही गरिबांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या, चर्चच्या सेंट व्हिन्सेंट दि पॉल संस्थेकडून घेतली, म्हणून सोबत सिस्टर असतात.

पारू (नाव बदललंय) नऊ वर्षांची. आईबाप मंगळवेढ्याकडचे, दोघंही बांधकामावर. गावच्या शाळेचा दाखला आला नव्हता आणि इथल्या मुख्याध्यापिका त्याशिवाय नाव घालायला तयार नव्हत्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची प्रत माझ्या पिशवीतच असते. कलम 5, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम 14, वयाचा पुरावा नसला तरीही नाही. कलम 4, वयाला साजेसा वर्ग. ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. पाऊण तास गेला, पण पारू चौथीत बसली. हे अजूनही शाळेला आपण वाचून दाखवायचं, याचा मला संताप येतो.

तिसऱ्या दिवशी पारू शाळेत नव्हती.

खोलीवर गेलो. लुगड्याची झोळी, आत आठ महिन्यांचा भाऊ, आणि झोळीची दोरी पारूच्या पायाच्या अंगठ्याला. पाय हलत होता, मांडीवर मराठीचं पुस्तक उघडं. "ह्यो निजला की वाचती मी, ताई."

बाळाचं मी विचारलंच नव्हतं. आमच्या फॉर्मवर भावंडं किती हा रकाना आहे, त्यांना सांभाळतं कोण हा नाही. एवढं तान्हं मूल अंगणवाडीत ठेवून घेत नाहीत. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात (तो 2025 पर्यंत लागू होता) पाळणाघराची सोय होती, पण 50 हून जास्त बायका कामावर असतील तिथेच. पारूच्या आईच्या साईटवर सातजणी आहेत.

देणगीदार दप्तरं देतात, छत्र्या देतात. वह्यांचे गठ्ठे माळ्यावर पडून आहेत. बाळ सांभाळणाऱ्या बाईसाठी पैसे मागितले की विचारतात, हे शिक्षणात कसं बसतं? पारूच्या अंगठ्याला पडलेला वळ त्यांना दाखवावा असं वाटतं.

शेजारच्या आजींना सिस्टरनी तयार केलंय, शाळा सुटेपर्यंत त्या बाळाला बघतात. या महिन्याचे पैसे आम्ही दोघींनी घातले. काल पारू वर्गात होती. आज सकाळपासून पाऊस आहे आणि आजींचे गुडघे धरलेत. शाळेत फोन करायचाय, अजून केलेला नाही.