कान असलेली आणि कान नसलेली

बुधवार, रात्री उशिरा

टेनर सॅक्सोफोनवाल्या हँक मोब्लेची ‘सोल स्टेशन’ ही रेकॉर्ड आज एकदाची हातात आली. जुनी, कितव्या हाताची कोण जाणे. कव्हरच्या कडा झिजलेल्या, मागे कुणीतरी शाईनं आपलं नाव लिहून नंतर ते खोडलेलं. लावायच्या आधी मी ती दिव्याखाली तिरकी धरली. जॅझच्या रेकॉर्डी जमवणारं माणूस आधी ऐकत नाही, आधी बघतं. बाहेरच्यांना हे खूळ वाटतं, आणि ते आहेच.

बघायची असते ती लेबलाभोवतीची गुळगुळीत पट्टी. शेवटची चाल संपल्यावर सुई तिथे नुसतीच गोल फिरत राहते. आम्ही तिला डेड वॅक्स म्हणतो. तिथे रेकॉर्डचा क्रमांक कोरलेला असतो, बाजू कुठली ते असतं, आणि त्या काळातल्या ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या रेकॉर्डवर बहुधा तीन अक्षरं: आरव्हीजी. म्हणजे रूडी व्हॅन गेल्डर. हा गृहस्थ दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घरात, चक्क दिवाणखान्यात, थेलोनियस मंक आणि माइल्स डेव्हिससारख्यांचं ध्वनिमुद्रण करायचा. 1959मध्ये त्यानं जवळच एंगलवुड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ थाटला. ‘सोल स्टेशन’ तिथलीच, 7 फेब्रुवारी 1960ची. ती तीन अक्षरं दिसली की समजायचं, टेपवरून तबकडी कापण्याचं कामसुद्धा त्याच माणसानं केलंय.

माझ्या प्रतीवर ती आहेत. नाही तो ‘कान’. ब्लू नोटच्या रेकॉर्डी पूर्वी प्लास्टिलाइट नावाच्या कारखान्यात छापल्या जात आणि तिथे पट्टीवर एक वळणदार इंग्रजी ‘पी’ उमटे. तो हुबेहूब माणसाच्या कानासारखा दिसतो, म्हणून त्याचं नाव कान पडलं. 1966च्या सुमाराला ब्लू नोट लिबर्टी नावाच्या दुसऱ्या कंपनीकडे गेली, छपाई दुसरीकडे सुरू झाली आणि कान गायब झाला. पण जुनी छापील लेबलं शिल्लक होती, ती टाकून कोण देणार? नव्या रेकॉर्डींवर ती चिकटत राहिली. म्हणून माझ्या प्रतीच्या लेबलावर जुना न्यूयॉर्कचा पत्ता आहे आणि पट्टीवर कान नाही. कानवाल्या प्रतीच्या किमतीचा एक तुकडा मोजून मला तोच व्हॅन गेल्डरचा ठसा मिळाला. मी खूश आहे.

मग लावली. आर्ट ब्लेकी ड्रम्सवर, पॉल चेंबर्स बासवर, विंटन केली पियानोवर. मोब्ले घाई करत नाही. सूर धारदार नाही, गोल आहे, आणि वाक्य कुठे संपवायचं हे त्याला सुरू करतानाच ठाऊक असावं असं वाटतं. समीक्षक लेनर्ड फेदरनं त्याला टेनर सॅक्सोफोनचा मिडलवेट विजेता म्हटलं होतं. म्हणजे दुसऱ्या टेनरवाल्यांच्या मानानं, कोल्ट्रेनइतका जड नाही, स्टॅन गेट्झइतका हलका नाही. कौतुक होतं ते, पण बिचाऱ्याला चिकटलं ते मधलेपणच.

शुक्रवार

आमच्या रेकॉर्डी जमवणाऱ्या मंडळींत काल पुन्हा ‘डीप ग्रूव्ह’वरून जुंपली. लेबलावर एक खोल वर्तुळ असतं, ते एकाच बाजूला असेल तर प्रत पहिल्या छपाईची धरायची की नाही? हे वर्तुळ जुन्या यंत्रातल्या साच्यामुळे उमटायचं. आवाजाशी त्याचा काडीचा संबंध नाही. एकानं फोटो टाकले, दुसऱ्यानं ते निकालात काढले, तिसऱ्यानं विचारलं की तुम्ही लोक रेकॉर्ड कधी ऐकता तरी का. तिसरा दरवेळी टाळ्या घेऊन जातो. मी हल्ली पहिल्या दोघांच्या बाजूची झालेय.

कारण जॅझचा निम्मा इतिहास असल्या किचकट माणसांनीच लिहिलाय. जॅझची पहिली रेकॉर्ड 1917ची, ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँडची. 1923मध्ये इंडियाना राज्यात रिचमंडला, रेल्वेच्या रुळांना खेटून असलेल्या जेनेट कंपनीच्या स्टुडिओत किंग ऑलिव्हरचा बँड वाजवून गेला. त्या रेकॉर्डींच्या लेबलावर काय? चालीचं नाव, बँडचं नाव. संपलं. दुसरा कॉर्नेट कोवळ्या लुई आर्मस्ट्राँगचा होता आणि पियानोवर लिल हार्डिन होती, हे लेबल वाचून कुणालाही कळलं नसतं. कंपनीच्या लेखी तो नाचाला लावायचा माल होता. मालावर कोण मजुरांची नावं छापतो?

ती नावं शोधून काढली ती शौकिनांनी. तबकडीच्या मेणावर प्रत्येक वेळी एक अनुक्रमांक पडायचा, मॅट्रिक्स नंबर. तीच मुद्रिका पुढे दुसऱ्या नावानं, दुसऱ्या लेबलावर निघाली तरी तो नंबर सहसा टिकायचा. दोन नंबरांच्या तारखा ठाऊक असतील तर मधले कधीचे ते अदमासानं सांगता येतं. मग म्हाताऱ्या वादकांना गाठायचं, रेकॉर्ड ऐकवायची आणि विचारायचं, इथे क्लॅरिनेट कोणाची? पॅरिसच्या शार्ल दलोनेनं हे सगळं गोळा करून 1936मध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ छापली. न्यूयॉर्कात मिल्ट गेब्लर आपल्या कमोडोर नावाच्या दुकानातून बंद पडलेल्या रेकॉर्डी पुन्हा काढत होता. लेबलावर सगळ्या वादकांची नावं घालणाऱ्या पहिल्या काही लोकांतला तो. एवढीशी गोष्ट, पण तिच्यामुळे ड्रम्सवाल्याला नाव मिळालं.

कधी कंपन्या मुद्दामच नाव लपवत. टोरोंटोतल्या मॅसी हॉलमधली 15 मे 1953ची मैफल निघाली तेव्हा त्यावर ‘चार्ली चॅन’ नावाचा कुणी अल्टो सॅक्सोफोन वाजवत होता. तो खरा चार्ली पार्कर; त्याचा करार दुसऱ्या कंपनीशी होता, आणि चॅन हे त्याच्या बायकोचं नाव. पहिली फेक ऐकली की झालं, त्यात ओळखायचं काय होतं! त्याच रेकॉर्डवर बास नीट ऐकू येत नव्हता म्हणून चार्ल्स मिंगसनं आपला भाग नंतर पुन्हा वाजवून वर चढवला. म्हणजे ‘प्रत्यक्ष’ मैफलीतला बास प्रत्यक्ष नाही. यावरही दोन तट आहेत. मला चढवलेला बास चालतो; रेकॉर्ड मिंगस आणि मॅक्स रोच यांच्याच कंपनीची होती, आपल्या घरात माणसानं दिवा मोठा केला तर तक्रार कुणी करावी?

आणि आता? फोनवर लावलं की नखाएवढं चित्र आणि बँडच्या म्होरक्याचं नाव, बाकी सगळे पुन्हा अंधारात. शंभर वर्षं मागे गेलो आपण.

(या मंडळींत बायका फारच थोड्या. मी काही दुरुस्त केलं की आधी पुरावा मागतात, मग आभार मानतात. पुरावा मागणं योग्यच आहे. सगळ्यांकडे मागत जा म्हणजे झालं.)

रविवार

माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’. दुसरा पर्याय नसल्यासारखी रविवारी हीच लागते.

पहिल्या छपाईच्या वेडावर हिच्याइतकं गमतीचं उदाहरण नाही. 2 मार्च 1959ला न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या 30व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत पहिल्या बाजूच्या तिन्ही चाली मुद्रित झाल्या, तेव्हा मुख्य टेपचं यंत्र किंचित हळू चालत होतं. साहजिकच योग्य वेगानं लावल्यावर त्या तिन्ही चाली जरा चढ्या ऐकू येतात. रेकॉर्डसोबत वाजवून शिकणाऱ्यांची वाद्यं काही केल्या जुळेनात. आपलंच काही चुकतंय असं किती जणांना वाटलं असेल! सोबत चालवलेल्या दुसऱ्या, खबरदारीच्या टेपचा वेग मात्र बरोबर होता, आणि 1992मध्ये तिच्यावरून दुरुस्त आवृत्ती निघाली.

तर लेबलावर सहा डोळ्यांची खूण असलेली, लोक जिच्यासाठी जीव टाकतात ती 1959ची पहिली छपाई म्हणजे सुरांच्या हिशेबानं चुकलेली. पहिल्या कव्हरांवर दुसऱ्या बाजूच्या दोन चालींचा क्रमही उलटा पडलाय, तो भाग वेगळाच. आता खरी कुठली? खोलीत वाजलं ती, की तीसेक वर्षं जगानं ऐकली ती? माइल्सच्या ट्रंपेटची जी झळाळी लोकांच्या कानात बसली, तिच्यात त्या चढेपणाचा वाटा नसेल असं कुणी छातीवर हात ठेवून सांगावं. मी दुरुस्त आवृत्ती ऐकते. पण ‘सो व्हॉट’ ही पहिली चाल सुरू झाली की पहिल्या काही क्षणांत काहीतरी खाली बसल्यासारखं वाटतं, हे खरंच आहे.

सोमवार

काही ऐकलं नाही. आतली कागदी पाकिटं बदलली. जुनी पिवळी पाकिटं टाकवत नाहीत, त्यांच्यावर त्या काळच्या रेकॉर्डींच्या जाहिराती आहेत. वेगळ्या खोक्यात ठेवली. खोकी वाढताहेत.

मंगळवार

बीबॉप, म्हणजे पार्कर-गिलेस्पींची ती नवी वेगवान जॅझशैली, जन्माला आलं तेव्हाचा आवाज का नाही, असं एकीनं विचारलं होतं. बरोबर आहे तिचं. 1 ऑगस्ट 1942पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. रेडिओ आणि ज्यूकबॉक्स रेकॉर्डी वाजवून पैसा करतात, जिवंत वादकाच्या पोटावर पाय येतो, तेव्हा विक्रीतला हिस्सा द्या, ही अध्यक्ष जेम्स पेट्रिलोंची मागणी. डेका कंपनी 1943मध्ये नमली. व्हिक्टर आणि कोलंबिया 1944च्या नोव्हेंबरपर्यंत अडून बसल्या. याच दरम्यान अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये पार्कर आणि डिझी गिलेस्पी शेजारी बसून वाजवत होते, पार्कर तर टेनर सॅक्सोफोन. त्या बँडची रेकॉर्ड निघालीच नाही. मागणी रास्त होती असं मला वाटतं, आणि तरी हे भोक डोळ्यांत सलतं.

त्यामुळेच डीन बेनेडेटीबद्दल मला हसू येतं आणि मायाही वाटते. हा स्वतः सॅक्सोफोन वाजवणारा. 1947-48मध्ये पार्कर जिथे वाजवेल तिथे यंत्र घेऊन हजर. पण मुद्रित फक्त पार्करचे सोलो करायचा! पार्कर थांबला की यंत्र बंद, दुसरा कुणी ट्रंपेट वाजवतोय तर वाजवू दे. तबकड्या महाग होत्या, त्याला पार्करच शिकायचा होता. तो गेला, आणि पुढची कित्येक वर्षं या खजिन्याच्या नुसत्या दंतकथा फिरत राहिल्या. तारेवर मुद्रण केलंय म्हणायचे. मोझेक कंपनीनं 1990मध्ये ते सगळं बाहेर काढलं, तेव्हा कळलं की तार नव्हतीच. तबकड्या आणि कागदी टेप होती.

ऐकायला मात्र दमछाक होते. सुरुवात नाही, शेवट नाही, मधूनच दार उघडल्यासारखा पार्कर येतो आणि वाक्य संपायच्या आत जातो. एका बैठकीत सगळं ऐकणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

गुरुवार

एका नव्या मुलानं विचारलं, “ताई, मोब्लेची ती 1568 नंबरची कधी परवडेल?” ब्लू नोटची 1957ची ही रेकॉर्ड म्हणजे या नादातला कळस. चांगली मूळ प्रत हजारो डॉलरला जाते. त्याला लिहिलं, परवडली तरी घेऊ नकोस. मोब्लेला फुप्फुसाच्या दुखण्यानं सत्तरच्या दशकातच वाजवणं सोडावं लागलं. 1986मध्ये फिलाडेल्फियात तो गेला तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता आणि हातात पैसा नव्हता. आज एका प्रतीच्या लिलावात जी रक्कम फिरते तिच्यातला छदाम त्याच्याकडे गेला नाही. हे कुणा एकाचं पाप नव्हे, जुन्या वस्तूंचा बाजार असाच चालतो. पण किमतीच्या चर्चेत नाव सगळ्यात जास्त त्याचंच घेतलं जातं, ते मला खुपतं.

टीना ब्रुक्सचं त्याहून वाईट. (टीना म्हणजे पुरुषच, टेनरवाला.) 1958 ते 1961 या काळात त्यानं ब्लू नोटसाठी स्वतःच्या नावानं चार रेकॉर्डींपुरतं वाजवून ठेवलं. हयातीत निघाली एकच, 1960ची ‘ट्रू ब्लू’. ‘बॅक टू द ट्रॅक्स’ला तर 4052 हा नंबर मिळाला होता, कव्हर तयार होतं, आणि रेकॉर्ड मात्र आली नाही. 1974मध्ये तो बेचाळीस वर्षांचा असताना वारला. त्याच्या नावाचं हे सगळं काम 1985मध्ये मोझेकनंच एका संचात काढलं. नंबरांच्या यादीतलं ते रिकामं घर बघून विचारत राहणारी माणसं नसती तर ती टेप कपाटातच राहिली असती, असं माझं मत. सिद्ध करता येणार नाही.

मुलाला म्हटलं, नंतरची, स्वस्तातली छपाई घे, आणि मागचं कव्हर वाच. जो वादक आवडेल त्याचं नाव धरून पुढची रेकॉर्ड शोध. रात्री त्याचा निरोप आला: ब्रुक्स आणखी कुठे सापडेल? ‘ओपन सेसमी’ सांगितली, तीही 1960चीच. रेकॉर्ड फ्रेडी हबर्डची, पण तिच्यातल्या दोन चाली ब्रुक्सनं बांधलेल्या आहेत. मोनो घेऊ की स्टिरिओ, हे त्यानं अजून विचारलेलं नाही. विचारेलच.